साच्यांच्या गावात पद्मिनी

जुनी मोटार घरच्या घरी पुन्हा उभी करायची, ही कल्पना आपल्याकडे आली ती अमेरिकेतून, आणि येताना तिथले चित्रही घेऊन आली. घरालगतचे ऐसपैस गॅरेज, बाप आणि मुलगा, उघडे बॉनेट आणि आत आठ सिलिंडरचे धूड. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचे इंजिन बसवून ‘जीटीओ’ बाजारात आणली आणि पुढे ज्यांना ‘मसल कार’ म्हटले गेले त्या गाड्यांची लाट सुरू झाली. त्याच वर्षी आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११००डी आणली. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, म्हणजे जीटीओच्या जेमतेम सहाव्या हिश्शाचे. परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद असलेल्या त्या काळात मसल कार इथे यायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे भिवंडीतल्या एखाद्या कुटुंबाने जुनी गाडी उभी करायला घेतली, तर ती बहुधा पद्मिनी असेल, अ‍ॅम्बॅसेडर असेल किंवा महिंद्राची जीप असेल. ही उणीव मानण्याचे कारण नाही. घरी बसून, घरच्यांच्या हातांनी गाडी जिवंत करण्यासाठी इंजिनाची ताकद लागत नाही. आसपास दुरुस्तीची कला जाणणारी वस्ती लागते. ती भिवंडीइतकी दाट फार थोड्या गावांत आहे, आणि म्हणूनच हा केवळ श्रीमंतांचा छंद आहे हा समज इथे तरी तपासून पाहायला हवा.

आधी गाडीविषयी. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार होता, नंतर इटलीच्या फियाटशी झाला. ११०० मालिकेची गाडी नावे आणि चेहरा बदलत गेली आणि १९७० च्या दशकात तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाला ठाऊक झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती; टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. एक तरी गाडी जपून ठेवा, अशी मागणी तेव्हा टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती. या गाडीचा खरा गुण तिच्या साधेपणात आहे. चार सिलिंडर, एक कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. कुठेही संगणक नाही, सेन्सर नाही. जे बिघडते ते डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते आणि पान्याने उघडता येते. आजच्या गाडीत बिघाड शोधायला कंपनीचे यंत्र जोडावे लागते, तिथे घरच्या माणसाचा हात पोचतच नाही.

अमेरिकेत मस्टँग उभी करणाऱ्याचे बरेचसे काम कॅटलॉग करतो. दाराच्या रबरापासून पूर्ण पत्र्याच्या बॉडीपर्यंत सगळे नव्याने बनवणाऱ्या कंपन्या तिथे आहेत. पद्मिनीसाठी असा उद्योग उभा राहिला नाही. काही भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळतात, काही जुन्या दुकानदारांच्या माळ्यावर पडून असतात, आणि बाकीचे घडवून घ्यावे लागतात. इथे भिवंडीचे वेगळेपण कामी येते. या गावात लाखो यंत्रमाग आहेत. इथे त्यांना साचे म्हणतात. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे बरेच विणकाम इकडे सरकले, आणि धोट्याचे कितीतरी साचे गिरण्यांनी टाकून दिल्यावर वापरलेल्या मालाच्या भावात इथे आले. विलायतेत शंभर वर्षांपूर्वी ज्या घडणीचे माग बनत, जवळपास त्याच घडणीची ही यंत्रे. त्यांचे नवे सुटे भाग मूळ कंपनीकडून मागवण्याची सोय कधीच संपली होती. तरी ती चालली, कारण गावात लेथवाला आहे, ओतकाम करणारा आहे, झिजलेल्या शाफ्टला वेल्डिंगने भर घालून पुन्हा मापात आणणारा आहे, पितळी बुश कातून देणारा आहे, आणि नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारा जॉबर आहे. मूळ उत्पादक उरला नसतानाही यंत्र चालते ठेवणे हा या गावाचा रोजचा व्यवहार आहे. पद्मिनीची गरज नेमकी हीच आहे.

साचा आणि मोटार एक नव्हे, हा आक्षेप इथे येणारच आणि तो योग्य आहे. साच्याच्या बुशमध्ये जेवढी ढिलाई खपते तेवढी क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये खपत नाही. साच्याचा शाफ्ट तुटला तर दिवसाचे काम बुडते, गाडीचा स्टिअरिंगचा सांधा तुटला तर माणूस जातो. म्हणून भागांची विभागणी आधीच ठरवायला हवी. दाराची बिजागरी, हँडल, पेडलचे बुश, इंजिनचे माउंटिंग, एक्झॉस्टचे क्लँप हे गावात बिनधास्त करून घ्यावे. क्रँक घासणे आणि सिलिंडर बोअर करणे हे त्याच कामाच्या खास यंत्रावर, मापे लिहून घेऊन करावे. ब्रेकचे सिलिंडर, त्यातली रबरे, ब्रेकचे पाइप आणि स्टिअरिंगचे सांधे मात्र नवेच आणि खात्रीचेच बसवावेत. मिळत नसतील तर मिळेपर्यंत गाडी उभी ठेवावी. या एका बाबतीत जुगाड हा शब्दही नको.

या कामातला सर्वात मोठा भाग इंजिनाचा असतो असे बहुतेकांना वाटते. तसे नाही, तो पत्र्याचा असतो. चार महिन्यांचा पाऊस आणि खाडीकडून येणारा दमट वारा यांमुळे ठाणे जिल्ह्यात उभी राहिलेली गाडी खालून सडते. बॅटरीच्या खालची जागा, दारांचा तळ, चाकांवरच्या कमानी, डिकीची जमीन आणि दारांखालची लांब पेटी ही गंजाची ठरलेली ठिकाणे. जीपला खाली स्वतंत्र चासी असते, पद्मिनीला नाही. तिची बॉडी हीच तिची चासी. त्यामुळे तळाचा सडलेला पत्रा एकदम कापून काढला तर गाडी मध्यातून खचते आणि नंतर दारे कधीच नीट बसत नाहीत. आधी दारांच्या चौकटीत आडवे-उभे लोखंडी आधार मारायचे, दारांच्या फटी मोजून लिहायच्या आणि मग एका वेळी एकच तुकडा कापून नवा जोडायचा, हा क्रम मोडून चालत नाही. बाजारात विकायला काढलेल्या अनेक ‘चकाचक’ गाड्यांमध्ये हे काम झालेलेच नसते. गंजावर लांबी भरलेली असते आणि लांबीवर रंग. साधे लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवले तर कळते: जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. गाडी विकत घेण्याआधी एवढी एक तपासणी जरी केली तरी पुढचा निम्मा मनस्ताप टळतो. इंजिनाबाबत नियम आणखी साधा. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन थेट स्टार्टर मारून फिरवू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि मग हाताने फिरवून पाहावे. पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असताना बळ लावले तर दुरुस्त होण्याजोगे इंजिन निकामी होते.

घरच्यांची मदत म्हणजे फावल्या वेळात पाना हातात देणे, असे मानले तर हे काम कधीच पुरे होत नाही. अर्धवट सोडलेल्या बहुतेक गाड्या यांत्रिक अडचणीने अडलेल्या नसतात; कुठला भाग कुठला हे कोणालाच आठवत नाही म्हणून त्या अडतात. एका मोटारीतून शेकडो नट, वॉशर, क्लिपा निघतात आणि त्या पुन्हा बसवण्याची वेळ वर्षा-दोन वर्षांनी येते. म्हणून उघडण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो, प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी लावलेली पिशवी आणि वहीत तारखेनिशी नोंद हे या प्रकल्पाचे खरे मध्यवर्ती काम आहे, आणि ते शाळेतला मुलगा किंवा मुलगी कोणत्याही मिस्त्रीपेक्षा चोख करू शकते. आजोबांच्या पिढीला चोक कधी ओढायचा, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर कसा टाकायचा हे अंगवळणी पडलेले असते. ते ज्ञान कुठल्याच पुस्तकात इतक्या नेमकेपणाने मिळत नाही. भिवंडीत कुटुंबाने मिळून काम करणे नवे नाही. घर आणि साच्यांचा कारखाना शेजारी असल्यामुळे कांड्या भरण्यासारखी कामे घरात, मुख्यतः बायकांच्या हातांनी, होत आली आहेत. ते श्रम क्वचितच मोजले गेले. गाडीच्या बाबतीत तरी तोच प्रकार पुन्हा होऊ नये. सीटची रेक्झिन शिवणे आपोआप आईकडे आणि इंजिन आपोआप मुलाकडे, अशी वाटणी करायला काहीच आधार नाही. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधली अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फट गेजने लावायला ताकद लागत नाही, स्थिर हात आणि चिकाटी लागते, आणि साच्यावर तुटलेला धागा जोडणाऱ्या घरात या दोन्हींचा तुटवडा नसतो.

मुलांना मात्र काही कामांपासून ठामपणे दूर ठेवले पाहिजे. जुन्या ब्रेक लायनिंगच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. दोन घटक मिसळून मारायच्या आजच्या मोटारीच्या रंगांतली रसायने फुप्फुसांना कायमची इजा करू शकतात, त्यामुळे रंग घराच्या पडवीत मारायचा नसतो. तो योग्य सोयीच्या ठिकाणी, सराईत माणसाकडून मारून घ्यावा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. भक्कम लोखंडी घोड्या लावल्याशिवाय चाक काढायचे नाही, हा नियम मोठ्यांनाही लागू आहे.

सर्वात गंभीर आक्षेप हवेचा आहे. भिवंडी ही गोदामांची राजधानी झाल्यापासून मानकोली, काल्हेर, पूर्णा भागातले रस्ते कंटेनरनी भरून वाहतात. अशा ठिकाणी धूर ओकणारी आणखी एक जुनी गाडी कशाला? पद्मिनीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, त्यामुळे दर किलोमीटरमागे ती नव्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त विषारी वायू सोडते, हे निर्विवाद आहे. म्हणून रोज कल्याणला किंवा ठाण्याला जाण्यासाठी ती वापरण्याचे समर्थन मी करणार नाही. पण महिन्यातून एखाद्या रविवारी वीस-पंचवीस किलोमीटर फिरणारी गाडी हा वेगळा हिशेब आहे. इंधनाचा प्रश्न तर गाडीच्याच जिवाचा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल जुनी रबरे मऊ करते आणि ओलावा धरून ठेवते. फार काळ उभ्या गाडीच्या टाकीत त्यामुळे गंज वाढतो. पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा बसवणे हे आता अत्यावश्यक काम आहे. पेट्रोलचा गळका पाइप आणि तापलेले इंजिन यांची गाठ पडली तर दोन वर्षांची मेहनत काही मिनिटांत जळते.

कायदा या छंदाला अर्धाच ओळखतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या खास क्रमांकाने नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि वापर फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे व देखभाल एवढ्यापुरता. वापराची ही अट रास्त आहे, ५० वर्षे वयाची मर्यादा मात्र रास्त नाही. आज हाताशी येणाऱ्या बहुतेक पद्मिनी १९८० आणि ९० च्या दशकांतल्या आहेत. १९८५ ची गाडी २०३५ पर्यंत विंटेज ठरणार नाही. तोवर ती साध्या जुन्या गाडीत मोजली जाते: १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी, पर्यावरण कर, आणि नूतनीकरणाचे शुल्क, जे एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,०००. रोज रस्त्यावर धावणाऱ्या खटाऱ्याला हटवण्यासाठी हे शुल्क वाढवणे समजण्यासारखे आहे. पण वर्षाला तीनशे किलोमीटर फिरणाऱ्या, कोरी करून जपलेल्या गाडीला तोच दंड का? जर्मनीत ३० वर्षांच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला वेगळी ‘एच’ पाटी मिळते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर ऐतिहासिक वाहनाचा दर्जा आणि करमाफी मिळते. आपल्याकडेही ३० वर्षांवर असा एक वर्ग असावा: मूळ घडणीत बदल नाही, ब्रेक व धुराची तपासणी कडक, वापरावर वार्षिक किलोमीटरची मर्यादा, आणि त्या बदल्यात कमी शुल्क.

यासाठी २०३५ ची वाट पाहणे परवडणारे नाही. भिवंडीत धोट्याचे साचे भंगारात निघत आहेत आणि त्यांच्या जागी बिनधोट्याचे रॅपियर माग येत आहेत. त्यांच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा भाग बिघडला की तो बदलायचा असतो, कातायचा नसतो. जुन्या साच्यांसोबत ते चालते ठेवणाऱ्या लेथवाल्यांचे आणि जॉबरांचे कामही कमी होते आहे. त्यांतले अनेकजण आता साठीकडे झुकले आहेत, आणि पद्मिनीच्या पेडलचा बुश नमुन्यावरून करून द्यायला ते आजही तयार आहेत.