व्हिडिओची मुळाक्षरे

- शॉट : कॅमेरा सुरू होऊन थांबेपर्यंतचे सलग चित्रण. कट : दोन शॉटमधला सांधा.
- फ्रेम रेट : एका सेकंदातील चित्रे. सिनेमाला २४, भारतीय दूरचित्रवाणीला २५.
- शटर : प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडण्याचा काळ. २५ फ्रेमला १/५० सेकंद. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे १/५० किंवा १/१०० वर ट्यूबलाइट लुकलुकत नाही.
- रिझोल्यूशन : फुल एचडी १९२० × १०८० पिक्सेल, ४के ३८४० × २१६०, म्हणजे चौपट पिक्सेल.
- चौकट : आडवी १६:९, उभी ९:१६.
- मोफत संकलन सॉफ्टवेअर : केडेनलाइव्ह, शॉटकट, दा विंची रिझॉल्व्हची मूळ आवृत्ती.
- अंबरनाथ परिसरात : येथील शिवमंदिर (इ. स. १०६०) संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉडसाठी पूर्वपरवानगी घ्यावी. आयुध निर्माणीच्या हद्दीत चित्रणास मनाई.
- पहिला धडा : दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन तंत्र शिकले. परतल्यावर त्यांनी रोपाची वाढ एकेक फ्रेम घेऊन टिपली. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला.