रोजी, रोजा आणि जर्सी

रमजानच्या दिवसांत जुन्या नाशिकमध्ये दुपार कलली की दूध बाजार, चौक मंडई भागात गर्दी वाढू लागते. खजूर, कापलेली फळे, भजी, समोसे यांच्या गाड्यांपुढे लोक दाटतात. या गर्दीत दहा-बारा वर्षांची मुले हमखास दिसतात, अंगात कुणा ना कुणा फुटबॉलपटूची जर्सी घातलेली. पाठीवर मेस्सी, रोनाल्डो, नाहीतर सालाह. पाठीवरचे नाव मुलाने हट्टाने मागून घेतलेले असते. छातीवर मात्र एखाद्या कंपनीचे नाव असते, आणि ते त्याने निवडलेले नसते. विमान कंपनी, बँक, कधी सट्ट्याचे अॅप. आई-वडीलही ते वाचत नाहीत. कापड बरे आहे ना, भाव परवडतो ना, एवढेच पाहिले जाते.

एका भारतीय फुटबॉलपटूने मात्र छातीवरचे नाव आधी वाचले आणि मग जर्सी घालायची की नाही ते ठरवले. त्याचे नाव खालिद जमील. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी त्यांची नेमणूक झाली, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात ते साहजिकच होते. शिवाय स्वतःविषयी बोलायचे नाही, ही या माणसाची जुनी सवय.

जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेतमध्ये, एका भारतीय कुटुंबात झाला. फुटबॉलचा नाद तिथलाच. फ्रान्सचा मिशेल प्लातिनी हा त्यांचा आदर्श. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर चढाई केली आणि लाखाहून अधिक भारतीयांना बांधून ठेवलेला संसार मागे टाकून मायदेशी यावे लागले. ज्यांच्या घरातले कुणी त्या काळी आखातात होते, त्यांना ते दिवस आजही आठवत असतील. आखाती युद्धाच्या त्याच काळात जमील कुटुंबही भारतात आले. खालिद तेव्हा पौगंडावस्थेत होते. पुढे त्यांचा खेळ मुंबईत बहरला.

नाशिककरांना महिंद्र म्हटले की सातपूरचा कारखाना आणि कामगारांच्या बस डोळ्यांपुढे येतात. याच कंपनीचा मुंबईत एक फुटबॉल संघ होता, १९६२ पासूनचा. १९९७ मध्ये जमील त्या संघात आले, पुढच्या वर्षी एअर इंडियाकडे गेले आणि २००२ मध्ये पुन्हा महिंद्र युनायटेडकडे परतले. भारतीय संघाकडूनही ते खेळले. मधल्या फळीतला खेळाडू. गोल मारणाऱ्याचा फोटो छापून येतो, गोल अडवणाऱ्याचे कौतुक होते. मधल्या फळीत धावणारा दोघांनाही चेंडू पुरवतो आणि सामना संपल्यावर मुकाट घरी जातो. स्वभावाला साजेशी जागा त्यांना मैदानातही मिळाली होती.

त्या काळी भारतीय फुटबॉलचे खरे वैभव कोलकात्यात होते. १९९७ मध्ये ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्यातला फेडरेशन चषकाचा उपांत्य सामना पाहायला सॉल्ट लेक स्टेडियममध्ये सव्वा लाखाहून अधिक माणसे आली होती. मुंबईत कंपनीच्या संघाचा सामना मोजक्या प्रेक्षकांपुढे होई. अशा वेळी कोलकात्याच्या या बड्या क्लबांकडून बोलावणे येणे म्हणजे नाव, पैसा आणि प्रसिद्धी एकदमच दारात येणे. जमील यांना ते दोन्ही क्लबांकडून आले. त्यांनी दोघांनाही नकार दिला.

कारण जर्सीवर होते. १९९८ पासून हे दोन्ही क्लब एकाच मद्यउद्योग समूहाच्या आश्रयाखाली गेले होते. एकाच्या नावाला बिअरची जोड मिळाली, दुसऱ्याच्या नावाला व्हिस्कीची. इस्लाममध्ये मद्य निषिद्ध आहे आणि जमील श्रद्धाळू मुसलमान आहेत. त्यांनी ते नाव छातीवर घेतले नाही. त्यासाठी पत्रकार परिषद घेतली नाही, इतर खेळाडूंना उपदेशही केला नाही. ते मुंबईत राहिले आणि खेळत राहिले.

इथे भाषेतली एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. फारसीत ‘रोज’ म्हणजे दिवस. या एका शब्दापासून रोजा आला आणि रोजीही आली. दिवसभराचा उपवास तो रोजा, दिवसभराची कमाई ती रोजी. मराठीने रोज, रोजंदारी, रोजमेळ असे किती तरी शब्द याच घरातून आणले आणि इतके आपलेसे केले, की ते पाहुणे होते हेच आपण विसरलो. रोजा आणि रोजी ही भावंडे आहेत, हे मात्र ध्यानात ठेवलेले बरे. रोजेदार माणूस दिवसभर काय सोडतो? घरातले, स्वतःच्या हक्काचे, एरवी पूर्ण वैध असलेले अन्न आणि पाणी. हातात असलेली गोष्ट सोडण्याची ही महिनाभराची तालीम असते. ती तालीम उपयोगी पडते ती रोजीच्या वेळी. समोर आलेली कमाई घ्यायची की नाही, हे ठरवताना.

जमील यांचा नकार त्यांच्या धर्मश्रद्धेतून आला, हे खरे. पण असा नकार ही एकाच धर्माची मिरास नाही. सचिन तेंडुलकर यांनी दारू आणि तंबाखूच्या जाहिराती कधी केल्या नाहीत. वडिलांना, मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर यांना, दिलेला शब्द पाळला, असे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. २००१ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर पुल्लेला गोपीचंद यांनी शीतपेयाची जाहिरात नाकारली. दक्षिण आफ्रिकेचे फलंदाज हाशिम आमला संघाच्या शर्टवरचे बिअरचे बोधचिन्ह न लावता खेळले. तिघांचे तीन धर्म नाहीत म्हणा, पण तिघांची कारणे वेगळी आहेत आणि रेघ मात्र एकाच प्रकारची आहे.

नाशिकला तर हा विषय अधिकच जवळचा. द्राक्षांच्या या जिल्ह्याने देशाला वाइन दिली, हजारो शेतकऱ्यांना आणि कामगारांना त्यातून उत्पन्न मिळाले. इथे कुणी कुणाच्या रोजगाराकडे बोट दाखवून चालणार नाही, आणि जमील यांनीही ते केले नाही. दुसऱ्याने काय विकावे, काय प्यावे, हा त्यांचा प्रश्न नव्हता. आपल्या छातीवर काय असावे, एवढाच होता. आपल्या अंगणापुरती रेघ ओढणारा माणूस शेजाऱ्याला जड होत नाही.

ही कथा इथेच संपवली तर ती सोयीची होईल, पण अपुरी राहील. २०१७ मध्ये जमील याच ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले आणि त्या मद्यसमूहाची साथ क्लबला तेव्हाही होती. खेळाडूने छातीवर नाव मिरवणे वेगळे आणि प्रशिक्षकाने मैदानाच्या कडेला उभे राहून शिकवणे वेगळे, असे कुणी म्हणेल. कुणाला ही विसंगती वाटेल. काम करून घर चालवणाऱ्या प्रत्येकाला असे प्रसंग ठाऊक असतात. एका वयात ओढलेली रेघ दुसऱ्या वयात, दुसऱ्या भूमिकेत पुन्हा तपासावी लागते. हा हिशेब ज्याचा त्यानेच मांडायचा असतो.

दुखापतींनी त्यांचे खेळाडूपण लवकर संपवले. २००९ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. जेमतेम पैशांचा, मोठ्या नावांवाचूनचा संघ. सात वर्षे त्यांनी त्याला वरच्या श्रेणीत टिकवून ठेवले. जिंकण्याची बातमी होते, टिकून राहण्याची होत नाही. २०१६ मध्ये त्यांना ते पद गमवावे लागले.

मग आले आयझॉल. मिझोरामच्या डोंगरातला हा क्लब आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला पुन्हा आय-लीगमध्ये जागा मिळाली. मुंबईत नको झालेले प्रशिक्षक आणि वरच्या श्रेणीतून बाहेर पडलेला संघ, अशी ती जोडी. मुंबईहून आलेल्या जयेश राणे, आशुतोष मेहता यांच्यासारख्या मुलांनाही तिथे नवी संधी मिळाली. ख्रिस्तीबहुल गाव, संघात मिझो, मुंबईकर, सीरियन आणि आफ्रिकी खेळाडू, आणि नमाजी प्रशिक्षक. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये शेवटचा सामना १-१ असा सुटला आणि मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहून आयझॉल विजेता ठरला. ईशान्य भारतातल्या क्लबने देशाचे लीग विजेतेपद मिळवण्याची ती पहिली वेळ. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेला.

पुढचा प्रवास म्हणजे कोलकाता, गुवाहाटी, जमशेदपूर. नॉर्थईस्ट युनायटेडला त्यांनी इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत नेले आणि या लीगमध्ये कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक नेमले गेलेले ते पहिले भारतीय ठरले. शहरांची ही यादी प्रगतीची वाटते, पण ती घरापासून दूर राहिल्याचीही यादी आहे. प्रशिक्षकाची नोकरी कराराची. चार पराभव झाले की बॅग भरायची. कुटुंब एका गावात, भाकरी दुसऱ्या गावात. ही अवस्था आपल्याकडे नवी नाही. आखातात गेलेला मुलगा असो, पुण्यात कंपनीत लागलेली लेक असो की सीमेवरचा जवान, सहरीला किंवा दिवाळीच्या पहाटे एक ताट घरात रिकामे असते. कुवेतहून परतलेल्या कुटुंबातल्या मुलाला हे लहानपणीच कळले असणार, की घर एका जागी असतेच असे नाही. कमावणाऱ्याने ते आपल्या वागण्यात सोबत न्यायचे असते.

आणि त्यांची शैली? आजच्या खेळाडूची शैली म्हणजे केशरचना, गोंदण, घड्याळ, पादत्राणे आणि त्यांची समाजमाध्यमांवरची छायाचित्रे. जमील यांची शैली म्हणजे साधा टी-शर्ट, दाढी आणि पत्रकार परिषदेतली दोन-तीन वाक्यांची उत्तरे. जिंकल्यावर श्रेय खेळाडूंचे. अनेक पत्रकार यामुळे वैतागतात. पण रमजानमध्ये जिभेचाही रोजा असतो, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. या माणसाने तो बारमाही ठेवलेला दिसतो.

राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदासाठी १७० अर्ज आले होते. अखेरच्या तीन नावांत दोन परदेशी होते. निवड जमील यांची झाली. सावियो मेदेइरा यांच्यानंतर जवळपास १३ वर्षांनी हे पद भारतीयाकडे आले. पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियातल्या नेशन्स चषकात, संघाने ताजिकिस्तानला हरवले आणि ओमानवर पेनल्टी शूटआउटमध्ये मात करून तिसरा क्रमांक मिळवला. कौतुक झाले. पुढच्याच महिन्यात मडगावला सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि आशिया चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही हरवले. कौतुक करणारेच प्रश्न विचारू लागले. त्यात गैर काही नाही. पदाबरोबर प्रश्न येतातच. निकाल कुणाच्या हातात नसतो, मेहनत असते. आणि कशासाठी मेहनत करायची नाही, हेही आपल्याच हातात असते.

छातीवरच्या नावाचा प्रश्न आता सगळ्या देशाला पडला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचे अशाच एका अॅपचे नाव उतरवावे लागले. तोवर ते नाव अंगावर घेऊन किती तरी मुले गल्लीबोळांत खेळली. मोबाइलवरच्या खेळात घरातले पैसे गेल्याचे दुःख ज्या आई-बापांनी भोगले, त्यांच्या धर्माचा रकाना भरायची गरज नाही. कायद्याने जे सर्वांसाठी नंतर केले, ते एका खेळाडूने स्वतःपुरते आधीच केले होते.

रमजानचा शेवटचा आठवडा आला की दूध बाजारात ईदच्या कपड्यांची खरेदी सुरू होते. कुर्ता-पायजमा घ्यायला आलेला मुलगा शेजारच्या दुकानातल्या जर्सीसाठी हट्ट धरणार, हे ठरलेलेच. घेऊन द्यावी, ईद आहे, हौस आहे. फक्त पैसे देण्याआधी जर्सी एकदा समोरून धरावी आणि मुलाला विचारावे, "हे काय लिहिलंय, वाच बरं."