शेवटच्या वस्तीलाही ऐकू आले पाहिजे



ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावरून सूचना दिली, पण मळ्यातल्या वस्तीला काही ऐकूच आले नाही, ही तक्रार गावोगाव कानी येते. मग मोठा ॲम्प्लिफायर आणण्याचा ठराव होतो. पुष्कळदा दोष ॲम्प्लिफायरचा नसतो आणि कर्ण्याचाही नसतो. आवाज वाटेतच तारेने खाल्लेला असतो.

हिशेब करून पाहा. चावडीपासून वस्ती 300 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 600 मीटर तार. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीला रोध सुमारे साडेदहा ओहम. कर्णा 16 ओहमचा. म्हणजे पाठविलेल्या शक्तीचे पाचातले दोन भाग तारेतच जिरले! डीपीपासून लांबच्या विहिरीवर मोटार घुरघुरते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून तर वीज 11,000 व्होल्टने गावापर्यंत आणतात आणि डीपीवर उतरवतात. व्होल्टेज चढवले की तीच शक्ती थोड्या करंटात जाते आणि तारेतली नासाडी घटते.

कर्ण्यालाही तोच उपाय आहे. चावडीत ॲम्प्लिफायरपाशी व्होल्टेज चढवणारा लाइन आउटपुट ट्रान्स्फॉर्मर आणि प्रत्येक कर्ण्यापाशी ते उतरवणारा छोटा ट्रान्स्फॉर्मर. आपला ॲम्प्लिफायर 50 वॅटचा, 8 ओहमचा असेल तर पूर्ण आवाजात तो 20 व्होल्ट देतो. त्या 20 चे 100 व्होल्ट करणारा, निदान 50 वॅटचा ट्रान्स्फॉर्मर घ्यावा. अडीच अँपिअरचा करंट अर्ध्या अँपिअरवर येतो. वरच्याच तारेवर 20 वॅटचा कर्णा लावला तर नुकसान शेकडा दोनच. मात्र खरेदीआधी ॲम्प्लिफायरची मागची बाजू पाहा. अनेकांना 100 व्होल्टचे टोक कंपनीनेच दिलेले असते. मग वेगळ्या ट्रान्स्फॉर्मरचा खर्च कशाला?

कर्ण्याकडच्या ट्रान्स्फॉर्मरला 5, 10, 20 वॅट अशी टोके असतात. सर्व कर्णे समांतर जोडावेत आणि निवडलेल्या टोकांची बेरीज 50 वॅटच्या ॲम्प्लिफायरला 40 च्या आत ठेवावी. देवळापाशी 5 पुरे, शाळेजवळ 10, नदीकाठच्या वस्तीला 20. प्रत्येक आळीला आपलाच कर्णा मोठा हवा असतो. येथे सरपंचांनी खंबीर राहावे, नाहीतर बेरीज बिघडते आणि ॲम्प्लिफायर तापून बसतो. आणखी एक, लाइनवर ट्रान्स्फॉर्मरशिवाय कर्णा कधीही जोडू नये. 16 ओहमचा उघडा कर्णा 100 व्होल्टवर 625 वॅट मागतो. एक तर कर्णा जळेल, नाहीतर ॲम्प्लिफायर.

जोडणी करताना ॲम्प्लिफायर बंदच असावा. 100 व्होल्टचा झटका लहान नसतो. सांधे पावसापासून झाकलेल्या पेटीत घ्यावेत. महावितरणच्या खांबावरून ही तार कदापि नेऊ नये. वाऱ्यात विजेची तार तिला चिकटली, तर माईक धरलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल. आपले वेगळे खांब रोवावेत. बाभळीचे चालतात.

12 व्होल्टवरही चालणारा ॲम्प्लिफायर असेल तर उत्तम, ट्रॅक्टरची बॅटरी कामी येते. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात कितीतरी गावांची वीज गेली होती. अशा वेळी मोबाईलवरचा निरोप किती घरांत पोचेल? रात्री 10 ते सकाळी 6 कर्ण्याला कायद्याने बंदी आहे, पण सार्वजनिक आपत्तीचा अपवाद नियमातच आहे. एरवी वापरायला लेखी परवानगी काढून ठेवावी.

चाचणी चावडीत बसून घेऊ नये. एक माणूस शेवटच्या वस्तीवर पाठवावा, शक्यतो वारा उलटा असेल त्या दिवशी. माईकवरच्याने सावकाश दहा नावे वाचावीत आणि त्याने परत येऊन ती सांगावीत.