घराजवळचे गांधीलमाश्यांचे पोळे : कधी आणि कसे काढावे?

गांधीलमाश्या आपल्या पिल्लांना भरवण्यासाठी पिकावरील अळ्या पकडून नेतात. त्यामुळे वर्दळीपासून दूर, बांधावरच्या झाडावर असलेले पोळे राहू द्यावे. दार, गोठा, पंपाच्या स्टार्टरची पेटी अशा रोज हात लागणाऱ्या जागचे पोळे मात्र काढावे.

काढण्याची पद्धत
• पोळ्यात मोजकीच घरे असतानाच ते काढावे. मोठे किंवा उंचावरचे पोळे माहीतगाराकडूनच काढून घ्यावे.
• अंधार पडल्यावर माश्या पोळ्यावर परततात, तेव्हा काम करावे. जाड कपडे, हातमोजे आणि तोंडावर जाळी असावी. मुले व जनावरे दूर ठेवावीत.
• पंपाने साबणाचे पाणी लांबून फवारावे. माश्या पडल्यावर लांब काठीने पोळे पाडून जमिनीत पुरावे.
• स्टार्टरच्या पेटीत पाणी फवारू नये. मुख्य वीजपुरवठा बंद करून कोरड्या काठीने पोळे काढावे. नंतर पेटीची भोके बुजवावीत.
• पेटता बोळा वापरू नये. कडबा, गोठा पेटण्याचा धोका असतो.

डंख झाल्यास
गांधीलमाशी एकामागून एक अनेक डंख मारू शकते, म्हणून आधी तिथून दूर जावे. जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी. दम लागणे, चेहरा किंवा जीभ सुजणे, चक्कर येणे किंवा अनेक डंख झाले असल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता ताबडतोब दवाखाना गाठावा किंवा १०८ वर फोन करावा.