राखाडी भिंत आणि घरातील मूल

दिवाळीपूर्वी घराला रंग देण्याची रीत आपल्या इंदूरच्या मराठी घरांनी निष्ठेने जपली आहे. पूर्वी चुन्याच्या सफेदीत थोडी नीळ घातली की काम होत असे. आता दुकानदार शेकडो छटांचे पुस्तक पुढे ठेवतो आणि अनेकांची पसंती ‘वॉर्म ग्रे’ म्हणजे उबदार राखाडी छटेवर स्थिरावते.

ही पसंती अनाठायी नाही. केवळ काळा व पांढरा मिळून होणारा राखाडी रंग थंड, उदास भासतो. त्यात पिवळा, तांबूस वा तपकिरी अंश किंचित मिसळला की त्याला ऊब येते. उत्तरेकडील खोलीत निळसर उजेड असतो, तेथे ही छटा विशेष खुलते. पश्चिमेच्या खोलीत मात्र सायंकाळी तीच पिवळट दिसू शकते. म्हणून पुस्तकातील चिमुकल्या तुकड्यावर विसंबू नये. भिंतीवर दोन फुटांचा पट्टा लावून तो सकाळी, दुपारी व दिव्याच्या प्रकाशात पाहावा.

परंतु बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला वरच्या रंगाहून त्याखालील थरांची चिंता अधिक वाटते. काही वर्षांपूर्वी दीड वर्षाचे एक मूल माझ्याकडे येत असे. रक्तक्षय लोहाच्या औषधाने हटेना, पोट दुखे, चिडचिड वाढलेली. तिसऱ्या भेटीत आई सहज बोलून गेली, की घरात रंगकाम चालू असून जुन्या खिडक्या घासल्या जात आहेत. रक्ततपासणीत शिशाचे प्रमाण वाढलेले निघाले. घराविषयीचा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारावयास हवा होता, ही रुखरुख आजही आहे.

जुन्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, तांबड्या व हिरव्या रंगांत, शिशाची संयुगे असत. दारे, खिडक्या व गजांवर त्यांचे थर आजही आहेत. ते कोरडे घासले की धूळ जमिनीवर बसते. रांगणाऱ्या मुलाच्या हातातून ती तोंडात जाते. पोटात गेलेले शिसे मुले प्रौढांच्या चार ते पाच पट शोषून घेतात. शरीरात लोह कमी असल्यास शोषण आणखी वाढते. शिसे रक्तद्रव्याच्या निर्मितीत अडथळा आणते, हाडांत साठते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानलेले नाही. रक्तात प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून तो दूर करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले आहे.

आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली व ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. नवा डबा घेताना त्यावरील शिशाविषयीचा मजकूर वाचावा. जुन्या थरांना मात्र हा नियम लागू पडत नाही. तेथे आपली दक्षताच उपयोगी.

रंगाऱ्यास पृष्ठभाग ओला करूनच घासावयास सांगावे. जुना रंग जाळून काढू देऊ नये. काम संपेपर्यंत लहान मुले व गर्भवती स्त्रियांनी अन्यत्र राहावे. केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसावी, खेळणी धुवावीत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आणि माझ्या वैद्यकबंधूंना विनंती, की रक्तक्षय हटत नसेल तर औषध बदलण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : “घरी रंगकाम चालू आहे का?”

भिंतीला ऊब जरूर द्यावी. तिची किंमत घरातील मुलाला मोजावी लागू नये.