कचऱ्याखाली आपले पाणी

वरूडच्या संत्राबागा विहिरी नि बोअरच्या पाण्यावर जगतात. बेसुमार उपशाने हे पाणी खोल गेले आहे. म्हणून गावचा कचरा कुठे नि कसा टाकतात, हा आम्हाला आपल्या घरच्या माठाचा प्रश्न वाटतो.

उघड्या ढिगावर पाऊस पडला की काळे, विषारी पाणी जमिनीत झिरपते. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो, तो पेट घेतो. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा टाकला जात होता. जानेवारी २०१६ मध्ये तिथे मोठी आग लागली.

शास्त्रोक्त कचरा-भरणीची रीत वेगळी. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ती घालून दिली. तळाशी ९० सेंटिमीटर चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे अस्तर. झिरपलेले पाणी गोळा करून शुद्ध करायचे, वायू बाहेर काढून घ्यायचा. कचरा दाबून रोज किमान १० सेंटिमीटर माती पसरायची. जागा पिण्याच्या विहिरीपासून नि वस्तीपासून २०० मीटर दूर हवी. भरणी बंद झाल्यावरही १५ वर्षे देखरेख.

तिथे जावा तो फक्त उरलासुरला कचरा. ओल्याचे खत होते, कागद-पत्रा भंगारात जातो. घरी दोन डबे ठेवले, फुटकी काच वेगळी बांधून दिली, तर कचरा उचलणाऱ्या आपल्याच भावाबहिणींचे हात कापणार नाहीत.

एवढे आपण करू या. मग नगर परिषदेत जाऊन हक्काने विचारू या : आमच्या कचऱ्याखाली अस्तर आहे काय?