लायडनचे तंतुयंत्र

हृदयाचा ताल चुकला की पूर्वीचा वैद्य रोग्याच्या मनगटावर बोटे ठेवी आणि नाडी विषम चालते एवढा निर्वाळा देई. मात्र तो विषमपणा हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, उपजला की खालच्या निलयांत, याची कैफियत नाडीपाशी मिळण्याजोगी नव्हती, कारण मनगटापर्यंत पोहोचतो तो केवळ निलयांचा धक्का. ही कैफियत निःसंदिग्धपणे लेखी उतरवली ती हॉलंडातील लायडन विद्यापीठातल्या एका अगडबंब यंत्राने.

माणसाच्या हृदयातील विद्युत्प्रवाहाची पहिली नोंद १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर याने घेतली होती खरी, पण त्याच्या उपकरणातला पारा जड, आणि प्रवाह बदलून गेल्यावर सावकाश हलणारा. आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून वॉलर हा प्रयोग लोकांना करून दाखवी. पुढे त्या कुत्र्याच्या छळाबद्दल ब्रिटिश पार्लमेंटात रीतसर प्रश्न विचारला गेला आणि सरकारला मिठाच्या पाण्याचा खुलासा करावा लागला!

जावा बेटात १८६० साली जन्मलेल्या, लायडन विद्यापीठातल्या विलेम आइंटहोव्हन याने पारा टाकून तंतू घेतला. तो काढण्याची तऱ्हा विलक्षण होती: वितळलेला क्वार्ट्झ बाणाला चिकटवून बाण सोडायचा, त्याच्यामागून ओढला गेलेला, केसाहूनही कितीतरी बारीक धागा हलक्या हाताने उचलायचा, त्यावर चांदीचा मुलामा द्यायचा आणि तो प्रबळ विद्युच्चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणून बसवायचा. हृदयाचा क्षीण प्रवाह त्यातून वाहू लागला की तंतू किंचित बाजूला सरे, आणि त्याची प्रखर दिव्याने मोठी केलेली सावली सरकत्या छायाचित्रण-काचेवर रेघ उमटवी. या एका धाग्याच्या दिमतीला सुमारे २७० किलो वजनाचा सरंजाम, चुंबक थंड ठेवणारे वाहते पाणी आणि पाच माणसे लागत. रोगी दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. एवढे अवजड धूड रुग्णालयात नेणे अशक्य, म्हणून १९०५ साली आइंटहोव्हनने टेलिफोनच्या तारांतून सुमारे दीड किलोमीटरवरील रोग्यांचे हृत्स्पंदन प्रयोगशाळेत आणवले.

त्या रेघेतील उंचवट्यांना आइंटहोव्हनने पी, क्यू, आर, एस, टी अशी अक्षरे मुक्रर केली. पी हा अलिंदांचा, क्यू-आर-एस हा निलयांचा, आणि दोहोंमधील अंतर म्हणजे संदेश वरून खाली पोहोचण्यास लागलेला वेळ. हे अंतर वाजवीपेक्षा वाढले, किंवा एखाद्या पी-मागून क्यू-आर-एस आलाच नाही, तर अडथळा वाटेत आहे हे उघड झाले. माझ्या मते यंत्राची खरी थोरवी येथे आहे: हृदयाचे बळ त्याने मोजले नाही, क्रम मोजला. लंडनच्या टॉमस लुईसने १९०९ साली याच क्रमावरून नाडीच्या सततच्या अनियमितपणाचा उलगडा केला. अशा रोग्यांच्या आलेखात पी नाहीसाच झालेला असे आणि त्याच्या जागी बारीक, वेड्यावाकड्या लाटा दिसत, म्हणजे अलिंदे आकुंचन न पावता नुसती थरथरत होती. त्याच वर्षी व्हिएन्नातही हाच निष्कर्ष निघाला.

निदान झाल्यावर जुन्या औषधाचाही अर्थ लागला. इंग्रज वैद्य विदरिंग याने १७८५ साली प्रसिद्धीस आणलेले डिजिटॅलिस अशा रोग्यांना उपकारक का ठरे, तर अलिंदांची थरथर न थांबवता ते खाली जाणाऱ्या संदेशांवर जकातनाका बसवी आणि निलयांची धावपळ कमी करी. थरथरच थांबवणारे औषध मात्र एका डच व्यापाऱ्याने आणून दिले. डॉक्टर कार्ल वेंकेबाखकडे येऊन त्याने सांगितले की, एक ग्रॅम क्विनाइन घेतले की माझी नाडी ताळ्यावर येते. आणि दुसऱ्या दिवशी ती खरोखरच नियमित चालत असलेली दाखवली. वेंकेबाखने १९१४ साली ही हकीकत प्रसिद्ध केली, आणि १९१८ साली वाल्टर फ्राय याने क्विनाइनचाच सोदर असलेले क्विनिडीन अधिक गुणकारी असल्याचे दाखवले. तेच क्विनिडीन काही रोग्यांत निलयांचा ताल अधिकच घातक रीतीने बिघडवते, म्हणून ते देण्यापूर्वी आणि दिल्यावर आलेख काढून पाहणे भाग असते.